न पचलेला घास : 'ओस म्यूटान्टेस'ची पहिली ध्वनिमुद्रिका

साओ पाउलो येथील 'ओस म्यूटान्टेस' या रॉकवृंदाची त्याच नावाची पहिली ध्वनिमुद्रिका १९६८ साली प्रसिद्ध झाली. तिच्याविषयीचे बरेचसे विवेचन ओस्वाल्द दे आन्द्रादे यांच्या १९२८ च्या 'नरभक्षक जाहीरनाम्या'पाशी येऊन थांबते. परकीय संस्कृतीचे अनुकरण करू नये आणि तिला नाकारूही नये. तिला खाऊन टाकावे, पचवावे आणि त्यातून आपले रक्तमांस घडवावे, हा त्या जाहीरनाम्याचा ढोबळ आशय. काएतानो वेलोझो आणि जिल्बेर्तो जिल यांच्या ट्रोपिकालिया चळवळीने हे रूपक पुन्हा चलनात आणले. तेव्हापासून बीटल्सच्या वळणाचे गिटार आणि ब्राझीलच्या ईशान्य भागातील लय एकत्र ऐकू आली की 'भक्षण' हा शब्द उच्चारून समीक्षक मोकळे होतात. मराठीत देशीकरणाची चर्चा करताना 'पचवणे', 'आत्मसात करणे' ही क्रियापदे जितक्या विनासायास येतात, तितक्याच विनासायास.

परंतु पचनाच्या अखेरीस मूळ अन्न ओळखू येत नाही. या ध्वनिमुद्रिकेत प्रत्येक घास ओळखू येतो, आणि तो ओळखू यावा अशीच रचना आहे. एकूण ११ गाणी. त्यांत जोर्जे बेन यांचे 'आ मिन्या मेनिना' आहे, फ्रान्स्वाझ आर्दी हिच्यामुळे गाजलेले एक फ्रेंच गीत आहे, अमेरिकेतील 'ममाज अँड द पापाज'च्या एका गाण्याचा पोर्तुगीज अवतार आहे, आणि उंबेर्तो तेशेरा व सिवूका यांचे, दुष्काळामुळे प्रियेचा निरोप घेणाऱ्याचे 'आदेउस मारिया फुलो' आहे. या सामग्रीला एका शैलीत वितळवण्याचा प्रयत्न कोठेही दिसत नाही. वाद्यमेळाची आखणी करणारे रोजेरियो दुप्रात हे १९६३ च्या 'नवसंगीत' जाहीरनाम्याचे एक स्वाक्षरीकार. अशा संगीतकाराला सांधे बुजवता आले नसते असे मानण्याचे कारण नाही. फ्रेंच गीतात तर ताल धरण्यासाठी झांजेऐवजी कीटकनाशक फवारण्याचा पंप वापरलेला आहे. रीटा लीचा आवाज हळुवार. त्याखाली पंपाची फसफस. दोहोंपैकी कोणीही दुसऱ्याला सामावून घेत नाही.

ज्या वातावरणात हे घडले तेही ध्यानात घ्यावयास हवे. १९६४ पासून देशात लष्करी राजवट होती आणि राष्ट्रवादी डाव्यांच्या दृष्टीने इलेक्ट्रिक गिटार हे साम्राज्यवादाचे वाद्य होते. जुलै १९६७ मध्ये साओ पाउलोत या वाद्याविरुद्ध चक्क मोर्चा निघाला. त्यात एलिस रेजिना होत्या, आणि विशेष म्हणजे जिलही होते. त्यानंतर काही महिन्यांतच तेच जिल दूरचित्रवाणीवरील गीतमहोत्सवात आर्नाल्दो बाप्तिस्ता, सेर्जियो दियास आणि रीटा ली या तीन तरुणांना इलेक्ट्रिक गिटारांसह बरोबर घेऊन उभे राहिले आणि दुसरे पारितोषिक मिळवून गेले.

या चळवळीवरील सर्वांत गंभीर आक्षेप मोर्चेकऱ्यांचा नव्हे, रोबेर्तो श्वार्त्स यांचा आहे. १९७० मध्ये पॅरिसच्या 'ले तां मोदेर्न'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा आशय असा : ट्रोपिकालिया मागास, सरंजामी ब्राझीलला अत्याधुनिक माध्यमांच्या प्रखर प्रकाशात उभे करते. त्यातून उमटणारी विसंगती अन्योक्तीचे रूप घेते आणि 'हाच ब्राझील' असे सुचवते. परंतु जी विसंगती विशिष्ट वर्गसंबंधांतून, विशिष्ट राजकीय पराभवातून निर्माण झाली, ती अशा रीतीने देशाची जणू कालातीत नियती ठरते. शिवाय हे हसणे कोणाचे? अद्ययावत साधने ज्याच्या हाती आहेत त्याचेच. भक्षणाच्या रूपकाने या आक्षेपाला उत्तर देता येत नाही. कोण खातो आणि कोणाच्या घरी, हाच तर श्वार्त्स यांचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर कोठे असलेच तर ते ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्या गाण्यात आहे. जिल आणि वेलोझो यांनी लिहिलेल्या 'पानिस एत सिर्सेन्सेस'मध्ये गाणारा एकामागून एक विलक्षण कृत्ये आरंभतो. जेवणघरातील माणसांना मात्र त्याचे काहीच नाही, त्यांचे जगणे-मरणे चालूच आहे. गीत म्हणून हा मध्यमवर्गावरील सरळ उपरोध आहे आणि तेवढाच असता तर श्वार्त्स यांचे म्हणणे पुरेपूर लागू पडले असते. पण गाणे रंगात आले असताना त्याची गती एकाएकी मंदावते, स्वर खाली घसरत जातो आणि सारे थांबते. जणू वीज गेली, किंवा कोणी तबकडीचे यंत्र बंद केले. ऐकणारा आपल्या यंत्राकडे पाहतो. तेवढ्यात गाणे पुन्हा सुरू होते, शेवटाकडे वेग घेते, आणि अखेरीस काट्याचमच्यांचा किणकिणाट, जेवणाऱ्यांचे बोलणे व मागे 'ब्लू डॅन्यूब' ऐकू येते.

या थांबण्याला केवळ ध्वनिमुद्रणगृहातील चमत्कृती म्हणणे अपुरे आहे. श्वार्त्स यांची अन्योक्ती दृश्य आहे. ती पाहणाऱ्याला चित्राबाहेर सुरक्षित ठेवते. येथे जे बिघडल्यासारखे वाटते ते श्रोत्याच्या स्वतःच्या घरातील यंत्र आहे. १९६८ च्या ब्राझीलमध्ये ते यंत्र ज्या घरात असे, तेच बहुधा गाण्यातले जेवणघर. हसणाऱ्याला आपण कोठे बसलो आहोत हे एका क्षणात कळते, आणि मग पंगतीचा आवाज पलीकडून येत नाही, आपल्याच खोलीत घुमतो.

'बात माकुम्बा'मध्येही कानावरचा हा विश्वास आहे. 'बॅटमन', आफ्रो-ब्राझिलियन विधींना दिले जाणारे 'माकुम्बा' हे नाव आणि रॉकसाठी रूढ झालेला 'इए-इए' हा ध्वनी यांचा जोडशब्द अक्षराअक्षराने झिजतो आणि पुन्हा वाढतो. आउगुस्तो दे काम्पोस प्रभृतींच्या मूर्त कवितेशी असलेले याचे नाते उघड आहे. कागदावर तो पंखासारखा आकार दिसतो, आणि भाष्यकार त्या पंखावर खूश असतात. ऐकताना मात्र पंख नसतो. ऐकताना कळते ते एवढेच की 'माकुम्बा' झिजत गेला की मध्येच 'बॅटमन' उघडा पडतो, आणि अक्षरे परत आली की पुन्हा झाकला जातो. यात मीलन कोठेच नाही. एकाच्या पोटातून दुसरा डोकावतो, इतकेच.

सर्व गाण्यांत ही पातळी टिकत नाही. 'सेन्योर एफ' ही बीटल्सची हुशार नक्कल आहे, अधिक काही नाही. अखेरचे 'आवे, जेंगिस खान' तर लांबवलेला खेळ वाटतो. 'बेबी'चे प्रकरण गुंतागुंतीचे आहे. जलतरण तलाव, मार्गारीन, पेट्रोल, इंग्रजी शिकणे अशी उपभोगाची यादी प्रेमाच्या सुरात गाणारे हे गीत त्याच वर्षीच्या सामूहिक ध्वनिमुद्रिकेत गाल कोस्ता यांनी इतक्या आर्जवाने गायिले आहे की उपरोध जवळजवळ विरून जातो. म्यूटान्टेस तेच गाणे किंचित आळसावून, गिटारच्या खरखरीसह गातात. येथे यादी आणि प्रेम यांचे जमत नाही, हे ऐकू येते. कानाला गाल कोस्तांचे गाणे अधिक गोड लागते. अर्थाच्या दृष्टीने म्यूटान्टेसचे अधिक प्रामाणिक आहे.

१३ डिसेंबर १९६८ रोजी राजवटीने संस्थात्मक अधिनियम क्रमांक ५ जारी केला. दोनच आठवड्यांनी वेलोझो आणि जिल यांना अटक झाली आणि १९६९ मध्ये ते लंडनला हद्दपारीत गेले. म्यूटान्टेस देशातच राहिले. १९७२ मध्ये रीटा ली बाहेर पडल्या आणि वृंद कसबी, लांबलचक रॉककडे वळला. तेथे सांधे बुजवलेले आहेत. पुढे १९९९ मध्ये डेव्हिड बर्न यांच्या 'लुआका बॉप'ने त्यांच्या गाण्यांचे संकलन काढले, आणि पोर्तुगीज न कळणारा मोठा श्रोतृवर्ग त्यांना लाभला. कॉम्पॅक्ट डिस्क अशी स्वर घसरत थांबत नाही. त्यामुळे या नव्या श्रोत्याला मधले ते थांबणे जुन्या यंत्राची गमतीदार आठवण म्हणून ऐकू येते. आपल्या यंत्राकडे वळून पाहण्याचे त्याला कारण उरत नाही, आणि पंगतीचा आवाज पुन्हा दूरच्या ब्राझीलमधला होतो.