खुनी सापडतो, जात सापडत नाही

सक्करदऱ्यातील आमच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासमंडळात 'इन द हीट ऑफ द नाईट' हा 1967 चा अमेरिकन चित्रपट दाखवला. मिसिसिपीतल्या एका गावात गोऱ्या कारखानदाराचा खून होतो. पोलीस आधी पकडतात ते स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेल्या काळ्या माणसाला. तो निघतो फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी व्हर्जिल टिब्ज! पुढे मळ्याचा मालक एंडिकॉट त्याच्या थोबाडीत मारतो आणि टिब्ज तत्क्षणी ती परत करतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. (टिब्जचे काम करणारा सिडनी पॉइटिए मात्र दक्षिणेत जायला राजी नव्हता. बहुतेक चित्रीकरण इलिनॉय राज्यात झाले.)

तरीही माझा या चित्रपटावर आक्षेप आहे. गाव टिब्जला सहन करते, कारण मेलेला गोरा आहे आणि त्याचा कारखाना गावाला हवा आहे. कापूस वेचणारा काळा मजूर मेला असता तर टिब्जला कोणी थांबवून घेतले असते? एंडिकॉटच गुन्हेगार ठरावा असे टिब्जला वाटते, तर तो त्याचा पूर्वग्रह ठरवला जातो. शेवटी पकडला जातो खानावळीत काम करणारा एक पोऱ्या. मळा सुटतो, गाव सुटते.

रहस्यकथेची रचनाच अशी आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-छोटूवर आमची पिढी वाचायला शिकली, हे ऋण मी नाकारत नाही. पण तिथेही एक लपलेला खुनी असतो आणि तो सापडला की उरलेला समाज निर्दोष होतो.

आता आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात या. 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर यांना जमावाने ठार मारले. सुरेखाबाईंनी मारहाणीच्या एका प्रकरणात साक्ष दिली होती. इथे खुनी कोण हे रहस्य नव्हतेच. ते गावाला ठाऊक होते. रहस्य तयार झाले तपासात. पुरलेली प्रेते उकरून पुन्हा शवविच्छेदन करावे लागले. प्रकरण सीबीआयकडे गेले. सप्टेंबर 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहांना फाशी सुनावली. पण अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. कारण दिले सुडाचे. 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून 25 वर्षांची जन्मठेप दिली. सूड तसाच राहिला. आमच्या बाईने साक्ष द्यावी याचाच ज्यांना राग येतो, त्यांच्या सुडाला जात नसते काय?

म्हणून दलित लेखकाने खुनाची कादंबरी लिहावी, पण ती उलटी लिहावी. पहिल्याच पानावर खुन्यांची नावे असावीत. मग शोध सुरू व्हावा तो पंचनाम्यात न लिहिलेल्या ओळीचा, डॉक्टरने न केलेल्या तपासणीचा, गप्प बसलेल्या शेजाऱ्याचा. भैयालाल भोतमांगे हाच शोध घेत दहा वर्षे कोर्टकचेऱ्या करत राहिले आणि 20 जानेवारी 2017 रोजी नागपुरात वारले.