व्यायाम, झोप आणि उतारवयातील स्मृती : इंग्लंडमधील प्रदीर्घ अभ्यासांची चिकित्सा

प्रस्तावना

‘नियमित व्यायाम आणि पुरेशी झोप’ हे शब्द वृद्धांच्या आरोग्याविषयीच्या लेखनात आता एखाद्या सामासिक पदासारखे जोडीने येतात. ज्येष्ठ नागरिक संघांतील व्याख्यानांत आणि वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत ते एका दमात उच्चारले जातात आणि दोहोंचे फळही एकच सांगितले जाते : स्मरणशक्ती टिकते, स्मृतिभ्रंश टळतो. हा सल्ला निरुपद्रवी आहे व त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही गोष्टींच्या बाजूचा पुरावा एकाच तोलाचा आहे काय, एकीची उणीव दुसरीने भरून निघते काय, आणि ज्यांच्या जीवनात ‘व्यायाम’ हा शब्दच परका आहे त्यांना हे निष्कर्ष कितपत लागू पडतात, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने इंग्लंडमधील काही अभ्यासांच्या आधारे या प्रश्नांची चिकित्सा केली आहे.

दोन्ही घटकांचा एकत्र विचार

व्यायाम आणि झोप यांचा स्वतंत्र अभ्यास विपुल झाला आहे. एकत्र अभ्यास मात्र थोडा. या दृष्टीने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मिकाएला ब्लूमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट हेल्दी लाँजेव्हिटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले संशोधन महत्त्वाचे ठरते. ‘इंग्लिश लाँगिट्यूडिनल स्टडी ऑफ एजिंग’ या पाहणीतील ५० ते ९५ वर्षे वयाच्या ८,९५८ व्यक्तींची सुमारे दहा वर्षांची माहिती त्यासाठी वापरण्यात आली. प्रारंभी प्रत्येकाची शारीरिक हालचाल व झोपेचे तास विचारून नोंदवण्यात आले. सहा तासांहून कमी झोप अल्प, सहा ते आठ तास योग्य व आठ तासांहून अधिक दीर्घ मानली गेली. बोधात्मक क्षमतेचे मापन साध्या कसोट्यांनी झाले : दहा शब्द ऐकून ते लगेच व काही वेळाने आठवून सांगणे, आणि एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे सुचतील तितकी सांगणे.

या संशोधनाचा निष्कर्ष रूढ समजुतीला धक्का देणारा होता. अधिक हालचाल करणाऱ्यांची क्षमता आरंभी अधिक होती, हे अपेक्षितच होते. परंतु त्यांच्यापैकी ज्यांची झोप सहा तासांहून कमी होती त्यांची घसरण अधिक वेगाने झाली आणि दहा वर्षांच्या अखेरीस ते कमी हालचाल करणाऱ्यांच्या पातळीवर येऊन पोहोचले. पन्नाशी व साठीतील व्यक्तींबाबत हे चित्र स्पष्ट होते. सत्तरी ओलांडलेल्यांत मात्र झोप कमी असूनही व्यायामाशी निगडित लाभ टिकून राहिला.

या शेवटच्या वाक्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष झाले. चिकित्सकाने मात्र तेथेच थांबले पाहिजे. सत्तरीनंतर अल्प निद्रेचे दुष्परिणाम खरोखरच ओसरतात काय? तसे असेलही. पण दुसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. कमी झोप घेऊनही सत्तरीपर्यंत सुदृढ राहिलेली आणि पाहणीत भाग घेण्याइतकी सक्षम असलेली व्यक्ती ही तिच्या पिढीची सर्वसाधारण प्रतिनिधी नव्हे. जे आधीच खचले ते या पाहणीत आलेच नाहीत किंवा मधूनच गळाले. गाळणीतून उरलेल्यांवरून गाळल्या गेलेल्यांविषयी अनुमान काढता येत नाही. शिवाय झोप व हालचाल यांची जी नोंद विश्लेषणासाठी घेतली ती प्रारंभीची. पुढील दहा वर्षांत या सवयी बदलल्या असतील तर त्याचा हिशेब त्यात नाही. झोपेचे तास स्वतः सांगितलेले आहेत, आणि अंथरुणात घालवलेला वेळ व प्रत्यक्ष झोप यांत माणसे नेहमीच गल्लत करतात.

याच संशोधकांचा २०२४ मधील दुसरा अभ्यास ही उणीव काही अंशी भरून काढतो. ५० ते ८३ वर्षे वयाच्या ७६ व्यक्तींनी आठ दिवस हालचाल मोजणारे उपकरण अंगावर बाळगले आणि रोज बोधात्मक कसोट्या दिल्या. मध्यम वा तीव्र स्वरूपाची हालचाल नेहमीपेक्षा ३० मिनिटे अधिक झाली, तर दुसऱ्या दिवशी स्मृतीच्या कसोट्यांतील गुण २ ते ५ टक्के अधिक असल्याचे दिसले. सहा तास वा त्याहून अधिक झोप झाली असता प्रसंगस्मृती आणि प्रतिसादाचा वेग यांत सुधारणा आढळली. विशेष हे की, झोपेचा हिशेब जमेस धरल्यावर व्यायामाचा संबंध केवळ कार्यकारी स्मृतीपुरताच उरला. वृत्तपत्रांतील मथळ्यांना ‘व्यायामाचा लाभ दुसऱ्या दिवसापर्यंत’ एवढेच पुरेसे वाटले. परंतु ७६ निरोगी व्यक्तींच्या आठ दिवसांवरून आयुष्याच्या उत्तरार्धाविषयी फारसे बोलता येत नाही. गुणांतील दोन टक्क्यांची दैनंदिन हालचाल आणि स्मृतिभ्रंश टळणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर मथळा एका उडीत ओलांडतो.

कारण कोणते, परिणाम कोणता

या विषयातील खरा पेच कार्यकारणभावाचा आहे. त्यासाठी ‘व्हाइटहॉल २’ या अभ्यासाकडे वळावे लागते. १९८५ पासून लंडनमधील ३५ ते ५५ वर्षे वयाच्या १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांना त्यात समाविष्ट करून घेण्यात आले. त्यांच्या नोंदींवरून सेव्हरिन साबिया, अर्चना सिंग-मानू आणि सहकाऱ्यांनी दोन स्वतंत्र निबंध लिहिले. ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत, कारण त्याच लोकांच्या त्याच नोंदींनी व्यायाम व झोप या दोहोंना निरनिराळा न्याय दिला आहे.

पहिला निबंध २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. सुमारे २८ वर्षांच्या पाठपुराव्यात मध्यम वयातील शारीरिक हालचालीचा स्मृतिभ्रंशापासून संरक्षणाशी संबंध आढळला नाही. उलट, ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला त्यांची हालचाल निदानापूर्वी सुमारे नऊ वर्षांपासूनच मंदावू लागली होती. अल्प काळाच्या अभ्यासात हेच लोक ‘व्यायाम न करणारे, म्हणून आजारी पडलेले’ असे दिसले असते. वस्तुतः आजार आधी पाय रोवत होता आणि व्यायाम नंतर सुटत होता. दुसरा निबंध २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. ७,९५९ व्यक्तींच्या माहितीनुसार पन्नाशी, साठी आणि सत्तरी या तिन्ही टप्प्यांवर सहा तास वा त्याहून कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी अधिक होता. येथे झोपेची पहिली नोंद निदानापूर्वी कितीतरी वर्षे आधीची असल्याने ‘आजारामुळे झोप उडाली’ हा आक्षेप पुष्कळसा निष्प्रभ होतो. तो पूर्णतः मावळतो असे नाही, कारण मेंदूतील बदल निदानापूर्वी दशक-दोन दशके सुरू झालेले असू शकतात. तरीही या नोंदींपुरते बोलायचे तर झोपेची बाजू व्यायामाहून भक्कम ठरते.

यातील विसंगती अशी, की स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची जी यादी जगभर उद्धृत होते तिच्यात नेमका उलटा क्रम आहे. लॅन्सेट आयोगाने २०१७ मध्ये ९, २०२० मध्ये १२ आणि २०२४ मध्ये १४ घटक नोंदवले. तिन्ही याद्यांत शारीरिक निष्क्रियता आहे. झोप एकाही यादीत नाही. यादीकारांची सावधगिरी समजण्यासारखी आहे, झोपेविषयीचा पुरावा परस्परविरोधी आहेच. पण जो निकष झोपेला लावला तोच तितक्या काटेकोरपणे व्यायामाला लावला गेला काय, ही शंका राहते.

प्रयोगांकडे वळावे तर तेथेही एकमत नाही. कर्क एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२० वृद्धांपैकी वर्षभर चालण्याचा व्यायाम करणाऱ्यांच्या मेंदूतील हिपोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढले, तर केवळ ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ते घटले. हा निष्कर्ष फार गाजला. त्यामानाने २०१५ मध्ये ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये आलेला ‘लाइफ’ या प्रयोगाचा अहवाल दुर्लक्षित राहिला. ७० ते ८९ वर्षे वयाच्या, बैठे जीवन जगणाऱ्या १,६३५ व्यक्तींपैकी एका गटाला दोन वर्षे नियोजित व्यायाम दिला असता आरोग्यशिक्षण मिळालेल्या गटाच्या तुलनेत त्याची बोधात्मक क्षमता एकूणात सुधारली नाही. लहान प्रयोगातील होकार सर्वत्र पोहोचतो आणि मोठ्या प्रयोगातील नकार अभ्यासकांपुरता राहतो. झोपेबाबत असा प्रदीर्घ प्रयोग तर शक्यच नाही. कोणालाही वर्षानुवर्षे कमी झोपायला लावणे नीतीला धरून होणार नाही.

झोपेत मेंदूतील टाकाऊ द्रव्ये धुऊन निघतात, हे स्पष्टीकरण या ठिकाणी हमखास पुढे केले जाते. त्याचा मुख्य आधार २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेले उंदरांवरील प्रयोग हा आहे. २०२४ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मधील दुसऱ्या एका प्रयोगात, तोही उंदरांवरीलच, झोपेत हा निचरा वाढण्याऐवजी मंदावतो असे आढळले. वाद मिटलेला नाही. तोवर ‘झोप मेंदू स्वच्छ करते’ हे वाक्य पाठ्यपुस्तकी सत्य म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवणे घाईचे होईल.

व्यायाम की श्रम?

वरील अभ्यासांतील माणसे कोण होती, हा प्रश्न भारतीय वाचकाच्या दृष्टीने सर्वांत कळीचा आहे. व्हाइटहॉलमधील माणसे कार्यालयीन नोकरदार होती आणि त्यांत सुमारे दोन तृतीयांश पुरुष होते. अशा माणसाच्या जीवनात शारीरिक हालचाल म्हणजे बहुधा त्याने स्वेच्छेने, फुरसतीत निवडलेली गोष्ट. ज्याच्यापाशी फुरसत आहे त्याच्यापाशी शिक्षण, बरे वेतन आणि बरे घरही असण्याचा संभव अधिक, आणि शिक्षणाचा बोधात्मक क्षमतेशी असलेला संबंध सुपरिचित आहे. संख्याशास्त्रीय समायोजनाने ही गुंतागुंत कमी होते, नाहीशी होत नाही.

हालचाल पोटासाठीची असते तेव्हा चित्र पालटते. कोपनहेगनमधील पुरुषांच्या, १९७० च्या दशकारंभी सुरू झालेल्या अभ्यासगटावरील अलीकडील विश्लेषणात जड अंगमेहनतीच्या कामाचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी नव्हे, अधिक धोक्याशी आढळला. श्रम आणि व्यायाम यांत स्नायू तेच असले, तरी विश्रांतीचा हक्क, कामाची गती ठरवण्याची मुभा आणि पाठोपाठ येणारी झोप यांत महदंतर असते. पहाटेच्या अंधारात फडात उतरणाऱ्या ऊसतोड कामगार स्त्रीला ‘हालचाल वाढवा’ असे सांगणे जितके हास्यास्पद, तितकेच ‘सात तास झोपा’ हे सांगणे व्यर्थ. कारण तिच्या झोपेचे तास ती ठरवत नाही. आयुष्यभर असे श्रम केलेल्या व्यक्तीच्या उतारवयातील स्मृतीविषयी लंडनमधील नोंदी मूक आहेत.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे साधन भारतात उपलब्ध आहे आणि त्याची सूत्रे मुंबईतच आहेत. ‘लाँगिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया’ म्हणजेच ‘लासी’ या पाहणीचे काम मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. तिच्या २०१७-१८ मधील पहिल्या फेरीत ४५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती गोळा झाली. तिला जोडून झालेल्या स्मृतिभ्रंशविषयक विशेष अभ्यासाच्या आधारे २०२३ मध्ये असा अंदाज मांडण्यात आला, की देशातील साठीपुढील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख इतके आहे. ते पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले. शारीरिक हालचाल हेच कवच असते तर चित्र उलटे दिसायला हवे होते. अर्थात यावरून श्रम घातक असतात असा निष्कर्ष काढणेही उतावीळपणाचे ठरेल. या गटांत शालेय शिक्षणाचे प्रमाण कमी आहे, आणि अक्षरओळख नसलेल्यांची स्मृती मोजताना कसोटीच कितपत निर्दोष राहते हा प्रश्न उरतो. विशेष अभ्यासात निरक्षरांसाठी वेगळ्या कसोट्यांचा वापर झाला तो याच कारणाने.

तथापि एक अडचण प्रश्नावलीतच आहे. ‘लासी’ची रचना इंग्लंड-अमेरिकेतील अशाच पाहण्यांशी तुलना व्हावी या हेतूने झाली. त्यामुळे तीव्र हालचालीविषयीच्या एकाच प्रश्नात धावणे, पोहणे, व्यायामशाळेत जाणे यांच्या जोडीला कुदळ-फावड्याने खणणे, जड ओझी उचलणे आणि शेतकामही येते. मध्यम हालचालीच्या प्रश्नात विहिरीचे पाणी शेंदणे आणि नृत्य एकत्र बसवले आहेत. भारतीय जीवनाला प्रश्नावलीत जागा मिळाली, पण ती अशा रीतीने की निवृत्त अधिकाऱ्याची सकाळची दौड आणि शेतमजूर स्त्रीची खुरपणी यांना उत्तरपत्रिकेत एकच खूण मिळते. दोन विरुद्ध परिणाम असलेल्या गोष्टी अशा एकत्र मोजल्या तर सरासरीत त्या एकमेकींना खोडतील आणि ‘भारतात व्यायामाचा परिणाम दिसत नाही’ असा निष्कर्ष विनाकारण निघेल. सुदैवाने त्याच व्यक्तींच्या व्यवसायाची माहिती ‘लासी’च्या वेगळ्या विभागात नोंदवलेली आहे. ती हालचालीच्या उत्तरांशी जोडून शेतमजूर, गृहिणी आणि निवृत्त नोकरदार यांचे स्वतंत्र विश्लेषण करणे अवघड नाही, आणि समाजशास्त्र, मानसशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन हाती घ्यावे असे ते काम आहे.