‘आप जैसा कोई’ : एका कोवळ्या आवाजाचे यश

‘कुर्बानी’ (१९८०) या फिरोज खान यांच्या चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजींचे; पण त्यांतले सर्वांत गाजलेले गाणे त्यांचे नव्हेच. ते बांधले बिद्दू यांनी, आणि तेही लंडनमध्ये. बिद्दू मूळचे बंगलोरचे. १९७४ साली त्यांनी सिद्ध केलेल्या ‘कुंग फू फायटिंग’ने इंग्लंड-अमेरिकेत पहिला क्रमांक पटकावला होता. गाणारी नाझिया हसन कराचीत जन्मलेली, अवघी पंधरा वर्षांची.

आमच्या जुन्या रसिक मंडळींचा आक्षेप ठरलेला : आवाज नाकात, तालीम नाही, तान नाही, मुरकी नाही. आक्षेपातले सारे खरे आहे; निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. मुंबईत त्या काळी गायक आणि वादकांचा ताफा बहुधा एकाच वेळी बसवून गाणे मुद्रित होई. बिद्दूंनी वाद्यांचे थरांवर थर चढविले आणि नाझियाचा आवाजही तिच्याच आवाजावर बसविला. त्यामुळे तो लहानसा आवाज मोठा न होता नुसता दाट झाला.

आणि गंमत पाहा : पडद्यावर झीनत अमानचा प्रौढ शृंगार, कानांवर शाळकरी मुलीचा स्वर! हेलनच्या नृत्यगीतांत गायिकाच लाडिक उसासे पुरवीत असे. नाझिया काहीच पुरवीत नाही. इंदीवरांचे शब्द आर्जवाचे आहेत. ती मात्र कुणाला घराचा पत्ता सांगावा तसे ते सांगून मोकळी होते. शृंगार ओशाळवाणा होत नाही तो या अलिप्तपणामुळे. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोरही हे गाणे खुशाल लावता येते, ते त्यामुळेच.

चाल मात्र बेताचीच. पेटीवर वाजवून पाहा. ठेका आणि बास गिटार काढून घेतली, की ती दोन मिनिटांत दमते. हे गाणे नव्हे, ध्वनिमुद्रण आहे, असे कुणी म्हटले तर मी भांडणार नाही.

१९८१ साली फिल्मफेअरने या मुलीला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिका ठरविले. त्याच वर्षी भाऊ झोहेबसह तिचा ‘डिस्को दीवाने’ हा संग्रह आला, चित्रपटाचा टेकू न घेता. पुढे १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’पासून ठेका सर्वांनी उचलला, तो अलिप्तपणा कुणी उचलला नाही. २००० साली, पस्तिसाव्या वर्षी, नाझिया लंडनमध्ये वारली.

२०२२ च्या ‘ॲन ॲक्शन हीरो’मध्ये या गाण्याची नवी आवृत्ती आली. तीत गळे तयारीचे आहेत, तंत्र अद्ययावत आहे. दोन्ही लागोपाठ ऐकावीत.