धनगरी ओवी आणि शालेय रंगमंच

मौखिक वाङ्मयाच्या अध्यापनासाठी नाट्यप्रयोगाचा अवलंब करावा, हे मत शिक्षणशास्त्रात आता नवे राहिलेले नाही. छापील पानावर निर्जीव भासणारी रचना मुलांच्या मुखी आली की ती सजीव होते, असे त्याचे समर्थन बहुधा करण्यात येते. परंतु प्रयोगात जे उभे राहते ते मूळचे मौखिक वाङ्मयच असते, की त्याच्या कथानकावर रचलेली दुसरीच एखादी कृती असते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या प्रश्नाच्या विवेचनास माणदेश विशेष सोयीचा आहे. साताऱ्यातील माण व खटाव, सांगलीतील आटपाडी, जत व कवठेमहांकाळ आणि सोलापुरातील सांगोला या अवर्षणाच्या टापूत धनगरी ओवीची परंपरा आजही टिकून आहे. आणि याच टापूतील माध्यमिक शाळांच्या स्नेहसंमेलनांत गजी नृत्यही हौसेने सादर केले जाते. या दोहोंमध्ये जे अंतर पडलेले आहे, त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

धनगरी ओवी ही जात्यावरच्या ओवीहून स्वरूपतः भिन्न होय. जात्यावरची ओवी दोन-चार चरणांत पुरी होते. धनगरी ओवी देवाचे सबंध चरित्र सांगते आणि तिला रात्र अपुरी पडते. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांविषयीच्या आपल्या १९७६ च्या जर्मन ग्रंथात या परंपरेचा मूलगामी अभ्यास मांडला. त्यांच्या संग्रहातील ध्वनिमुद्रणांच्या आधारे अॅन फेल्डहाऊस यांनी रामदास आतकर व राजाराम झगडे यांच्या सहकार्याने बिरोबा आणि धुळोबा यांच्या दोन दीर्घ कथनांचा इंग्रजी अनुवाद २०१४ साली प्रसिद्ध केला. या रचनेचा विशेष असा की, तीत गायिलेला भाग आणि बोलून सांगितलेला भाग आळीपाळीने येतात. मुख्य गायक चरण उचलतो, साथीदार तो झेलतात. मग तोच प्रसंग गद्यात विस्ताराने सांगितला जातो.

वाचकाला ही पुनरुक्ती वाटते. गायकाला ती रचनेची सोय असते. साथीदार चरण घोळवीत असता गायकास पुढील चरण जुळविण्यास अवसर मिळतो. आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात युगोस्लाव्हियातील गायकांच्या आधारे जे तत्त्व प्रतिपादिले, की मौखिक कवी पाठ केलेले म्हणत नाही, गाता गाताच रचतो, त्याचे प्रत्यंतर येथेही येते. तेव्हा ओवी शिकविणे म्हणजे एक ठरीव संहिता शिकविणे नव्हे, तर रचनेची एक रीत शिकविणे होय.

शालेय रंगमंचाचा पहिला दोष येथेच दिसून येतो. संमेलनातील गजी नृत्यात ढोल असतो, फेटे असतात, हातात रुमाल असतात. पण ओवी बहुधा नसते. पाच-सात मिनिटांच्या अवधीत पदन्यास तेवढा उरतो आणि कथन गळून पडते. नृत्य म्हणून त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यास मौखिक वाङ्मयाचे अध्यापन म्हणता येणार नाही.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. एखादा उत्साही शिक्षक ओवीचे नाट्यरूपांतर करतो, तेव्हा तो पात्रे वाटून देतो: एक मुलगा बिरोबा होतो, एक मुलगी त्याची आई सुरवंती होते. मूळ ओवीत मात्र एकच कंठ क्षणात सुरवंतीविषयी सांगतो आणि क्षणात सुरवंती होऊन बोलू लागतो. तृतीय पुरुषातून प्रथम पुरुषात होणारे हे संक्रमण कथनकलेचे मर्म होय. पात्रवाटपाने संवाद शिल्लक राहतात, निवेदक नाहीसा होतो. म्हणजे जी कला शिकवावयाची तीच प्रयोगातून वजा होते.

तिसरा दोष भाषेचा. संहिता तयार करताना ‘न्हाई’चे ‘नाही’ आणि ‘व्हतं’चे ‘होते’ केले जाते. या दुरुस्तीमागील हेतू प्रामाणिक असतो, परंतु तिचा परिणाम केवळ उच्चारापुरता राहत नाही. ‘बाई’शी ‘न्हाई’चे यमक जुळते, ‘नाही’चे जुळत नाही, एका शब्दाच्या शुद्धीकरणाने चरणाचा शेवट विस्कटतो. त्याहून गंभीर परिणाम म्हणजे, ज्या विद्यार्थ्याच्या घरी ही भाषा बोलली जाते त्याला स्वतःच्या देवाची कथासुद्धा आपल्या भाषेत रंगमंचावर सांगता येत नाही, असा बोध त्यातून होतो. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसे’ (१९४९) आणि ‘बनगरवाडी’ (१९५५) यांतून या बोलीस साहित्यात जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती शाळेच्या रंगमंचाने नाकारावी, हा विपर्यास म्हणावा लागेल.

या संदर्भात पश्चिम आफ्रिकेतील योरुबा रंगभूमीचे उदाहरण विचारार्ह आहे. ड्यूरो लाडिपो हे आरंभी शिक्षक होते. शांगो या राजदैवताच्या कथेवरील त्यांचे ‘ओबा कोसो’ हे नाटक १९६० नंतरच्या दशकात गाजले. त्यात पारंपरिक स्तुतिगीते आणि ढोल यांना मूळच्या भाषेसह स्थान होते. तथापि हे उदाहरण जसेच्या तसे उचलता येत नाही. योरुबा ही तीन सुरांची भाषा असून सुरभेदाने अर्थभेद होतो, आणि तेथील बोलका ढोल शब्दांचे सूरच वाजवितो. म्हणून प्रयोगावाचून तेथील काव्याचा अर्थच अपुरा राहतो. मराठीत सूर अर्थभेदक नाहीत. गजीचा ढोल ताल धरतो, शब्द उच्चारीत नाही. आपल्याकडे प्रयोगाची आवश्यकता सिद्ध होते ती रचनेच्या रीतीमुळे: झेलण्यामुळे आणि गद्य-पद्याच्या आलटापालटीमुळे. समर्थन परके घेतले की पद्धतीही परकी येते, हे ध्यानात ठेवणे इष्ट.

पद्धतीसाठी आधार मराठीतच सापडतो. महात्मा फुले यांनी १८५५ साली लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकात विदूषक घटनेच्या बाहेर उभा राहून तिच्यावर भाष्य करतो, आणि नाटकाचा रोखही शिक्षणाकडेच आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. १९७९ पर्यंत ते अप्रकाशित राहिले. निवेदकास रंगमंचावर ठेवूनही नाट्य साधते, एवढे त्यावरून निश्चित होते. त्याच धर्तीवर वर्गात एका विद्यार्थ्याने प्रसंग उचलावा, चौघांनी झेलावा, तिसऱ्याने तो आपल्या बोलीत विस्तारावा आणि दुसऱ्या दिवशी या भूमिकांची अदलाबदल व्हावी. दोन दिवसांच्या प्रयोगांतील फरक तपासणे हाच खरा पाठ ठरेल. कारण मौखिक रचना प्रत्येक वेळी वेगळी का होते, याचे उत्तर विद्यार्थ्यास स्वतःच्या कृतीतून मिळेल.

अखेरची अडचण वाङ्मयीन नसून व्यावहारिक आहे, आणि सर्वांत कठीणही तीच. शाळांची स्नेहसंमेलने बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरतात. मेंढपाळ कुटुंबे मात्र दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन चाऱ्यामागे बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सर्वांचीच मुले सोबत जातात असे नाही. परंतु जी जातात त्यांच्याच घरी ओवी नांदत असते. त्यामुळे ज्यांचे हे वाङ्मय, त्यांच्या अनुपस्थितीत ते इतरांकडून सादर होते. हा उपक्रम जून ते ऑक्टोबर या पहिल्या सत्रात घेतल्यास ही मुले वर्गात असतील आणि वाड्यातील जाणता गायकही शाळेत येऊ शकेल. त्याला बोलवावे ते सत्कारासाठी नव्हे, तर अध्यापनासाठी. आणि त्या तासाचे मानधन शाळेने इतर कोणत्याही अतिथी-अध्यापकाप्रमाणेच द्यावे. एवढी व्यवस्था झाल्याखेरीज नाट्याद्वारे ओवी शिकविली जाते, असे विधान करणे धाडसाचे ठरेल.