बंदिशीचे धनीपण

कलेच्या प्रसाराचे साधन बदलले म्हणजे केवळ तिची वाहतूक बदलते, तिचे स्वरूप बदलत नाही, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. याच्या उलट, नवे साधन आले की जुनी कला बुडालीच, असे मानणाराही एक वर्ग आहे. दोन्ही मते घाईची आहेत. आंतरजालाने संगीताचे काय केले, हा प्रश्न विचारण्यापूर्वी संगीतातले नेमके काय एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता येते आणि काय नेता येत नाही, हे ठरवले पाहिजे. हा भेद स्पष्ट झाल्यावाचून संगीताच्या व्यापाराविषयी किंवा सामायिक वारशाविषयी केलेली विधाने हळहळ अथवा हर्ष यांपलीकडे जात नाहीत.

शब्दाचे उदाहरण प्रथम घेऊ. दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर हिंदुराव हे मराठी नाव आज एका रुग्णालयाच्या रूपाने टिकून आहे. विल्यम फ्रेझर याची १८३५ मध्ये हत्या झाल्यावर त्याचा येथील बंगला बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदुराव घाटगे यांनी घेतला आणि पुढे ती जागाच त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तेथे अशोकाचा एक स्तंभ आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो मेरठहून आणला. फर्रुखसियरच्या काळी दारूच्या स्फोटात तो भंगला. लेख कोरलेला भाग कापून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला, परत आला, आणि १८६७ मध्ये स्तंभ पुन्हा उभा राहिला. त्यावरील अक्षरांची पुष्कळ हानी झाली आहे. तरी मजकूर नाहीसा झाला नाही. कारण तोच मजकूर तोपऱ्याहून दिल्लीस आणलेल्या दुसऱ्या स्तंभावरही होता. म्हणजे शब्दाला प्रतीने उणेपण येत नाही. प्रत हेच त्याचे संरक्षण ठरते. याच टेकडीला लागून असलेल्या दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातून उद्भवलेल्या छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये प्रकाशकांविरुद्ध जो कौल दिला, त्याच्या मुळाशीही हीच जाणीव होती. अध्यापनासाठी पुस्तकांतील भागांच्या प्रती काढणे हा विद्येच्या व्यवहाराचाच भाग मानला गेला.

संगीताचे तसे आहे काय? ही कसोटी पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी आंतरजालाच्या कितीतरी आधी लावून पाहिली. घराण्यांनी जपून, प्रसंगी लपवून ठेवलेल्या चिजा त्यांनी मोठ्या कष्टाने मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’त स्वरलिपीसह मराठीतून छापल्या. १९१६ मध्ये बडोद्यास आणि १९१८ मध्ये दिल्लीस भरलेल्या संगीत परिषदांमागे त्यांचीच प्रेरणा होती. एका कुटुंबाची ठेव त्यांनी समाजाच्या स्वाधीन केली. या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु पुस्तकात बंदिशीचे शब्द आणि स्वर उतरले. ती कशी भरावी, कोठे थांबावे, समेवर कोणत्या अंगाने यावे, हे उतरले नाही. ज्याला तालीम मिळाली होती त्याला पुस्तक उपकारक झाले. ज्याला ती नव्हती त्याच्या हाती सांगाडा आला. प्रतीत येते ती बंदिश. गायकी येत नाही.

गायकी म्हणजे काय, याचे मराठीतील एक मर्मग्राही विवेचन वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथात आहे. मूळ पुरुषाच्या आवाजाच्या धर्मातून घराण्याची गायकी आकार घेते, आणि स्वर व लय यांना किती प्राधान्य द्यावयाचे यावरून घराणी परस्परांहून वेगळी होतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. स्वराच्या टोकाला किराणा, लयीच्या टोकाला आग्रा आणि दोहोंचा तोल राखणारे जयपूर, ही त्यांची मांडणी वादग्रस्त असली तरी तिच्यातून एक महत्त्वाचे सत्य हाती लागते. घराणे हा चिजांचा साठा नसून निवडीचा एक नियम आहे. काय गावे याइतकेच काय गाऊ नये, हेही तेथे शिकवले जाते. घराण्याचे सौंदर्य त्याच्या त्यागात आहे.

आंतरजालाने आघात केला आहे तो येथे. आज विद्यार्थ्यासमोर सर्व घराण्यांचे गाणे एकाच वेळी, एकाच अंतरावर उभे असते. भास्करबुवा बखले यांचे गाणे ध्वनिमुद्रिकेवर नाही, ते आपल्याला वर्णनांतूनच कल्पावे लागते. त्यांच्या नंतरच्या पिढ्यांच्या खासगी बैठकींची मुद्रणे मात्र संग्राहकांनी विनामूल्य खुली केली आहेत. हा मोठाच लाभ होय. ध्वनिमुद्रिका ऐकून शिकणेही नवे नाही. कुमार गंधर्व बालपणी थोरांच्या मुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवीत. पण त्यानंतर ते प्रो. बा. र. देवधर यांच्याकडे आले. ऐकलेल्यातले काय आपले आणि काय उसने, हा विवेक तेथे जागा झाला. श्रवणाची विपुलता ही आपत्ती नव्हे. विपुलतेबरोबर निवडीचा नियम सांगणारा कोणी नसणे, ही आपत्ती होय.

हा नियम सांगण्याचे काम आता व्यापार करू लागला आहे, आणि तो आपल्या हिशेबाने करतो. तीन मिनिटांच्या तबकडीनेही गायकाला बंधन घातले होते. तथापि त्या बंधनाचा अब्दुल करीम खाँसाहेबांनी घाट केला. अल्प अवकाशात पूर्ण आकृती उभी केली. नव्या व्यापाराचे बंधन असे उघड नाही. २०१९ मध्ये भारतात आलेल्या स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद ऐकले गेले की ते मोबदल्यासाठी एकदा ऐकले असे मोजले जाते. चाळीस मिनिटांचा बडा ख्याल आणि तीन मिनिटांचे गीत यांची मोजणी एकच. आलापीच्या पहिल्या तीस सेकंदांत कदाचित षड्जही स्थिरावलेला नसतो. गायकाला कोणीही लवकर रंगात ये असे सांगत नाही. केवळ मोजणीची पद्धतच तसे सुचवीत राहते.

व्यापाराचे दुसरे अंग मालकीचे. दिल्लीत १९८३ मध्ये सुरू झालेल्या सुपर कॅसेट्सने जुनी गीते नव्या गळ्यांतून गाऊन घेण्याच्या कायदेशीर सवलतीचा उपयोग करीत स्वस्त ध्वनिफितींचा प्रचंड बाजार उभा केला. त्याच कंपनीने पुढे आपल्या मुद्रणांच्या रक्षणासाठी मायस्पेसविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. विशिष्ट उल्लंघनाची प्रत्यक्ष जाणीव असल्याखेरीज मध्यस्थाला जबाबदार धरता येणार नाही, असे २०१६ मध्ये खंडपीठाने ठरवले. २०१९ मध्ये याच कंपनीची यूट्यूबवरील वाहिनी जगात सर्वाधिक सदस्यांची ठरली. व्यापाराच्या दृष्टीने यात विसंगती नाही. मुद्रणाचा धनी कोण, एवढाच त्याचा प्रश्न असतो. बंदिशीचा धनी कोण, हा प्रश्न त्याच्या कक्षेत सहसा येत नाही.

तो आला, तोही दिल्लीतच. २०२३ च्या ‘पोन्नियिन सेल्वन’च्या दुसऱ्या भागातील एका गीतात आपल्या घराण्याच्या शिवस्तुतीचा उपयोग झाला, असा दावा धृपदगायक उस्ताद वासिफुद्दीन डागर यांनी संगीतकार ए. आर. रहमान आणि निर्मात्यांविरुद्ध केला. श्रेयनामावलीत डागरवाणी परंपरेचा उल्लेख होता, व्यक्तींचा नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये एकल न्यायाधीशांनी अंतरिम आदेशाने वडील व चुलते यांच्या नावांचे श्रेय देण्यास सांगितले. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो आदेश रद्द केला. एखादी रचना कोणी गायिली एवढ्यावरून ती त्याने रचली असे ठरत नाही, हा खंडपीठाच्या विचाराचा गाभा होता.

कायद्याच्या अंगाने या तर्काला उत्तर देणे सोपे नाही. समीक्षेच्या अंगाने मात्र तो आपल्यालाच जाब विचारतो. परंपरेत रचनाकाराचे नाव कागदावर लिहिले जात नसे. ते शिष्याच्या स्मरणात असे, आणि तालमीच्या वेळी चिजेबरोबरच सांगितले जाई. गुरूचे नाव घेताना कानाला हात लावणे हा निव्वळ शिष्टाचार नव्हता. ती रचनेची वंशावळ होती. गाणे त्या खोलीतून निघून सर्वत्र गेले आणि वंशावळ मागे राहिली. कायदा नाव मागतो, व्यापाराला मुद्रणाचा मालक पुरतो, आणि श्रोत्याच्या लेखी राग सर्वांचाच असतो. राग सर्वांचा आहे हे खरेच. परंतु सामायिक म्हणजे निनावी नव्हे. गावची विहीर सर्वांची असली तरी ती कोणी खणली हे गाव विसरत नाही.

म्हणून आंतरजालाला दोष देऊन समीक्षकाला मोकळे होता येणार नाही. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. १९६४ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या मुद्रणांवरील मालकी त्यामुळे सरली आहे. त्यांतील कोणती चीज कोणाची, ती कोणाकडून कोणाकडे आली, गायकाने मूळच्या बांधणीत काय बदलले, हे सांगू शकणाऱ्या जाणकारांची पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांचे ज्ञान अभिलेखात आणण्याचे काम विद्यापीठांचे, अकादमींचे आणि आपणा लेखकांचे आहे. भातखंड्यांनी चिजा लिहून घेतल्या. आपल्याला त्यांच्या वंशावळी लिहून घ्यावयाच्या आहेत. हे काम राहून गेले, तर पुढच्या श्रोत्याच्या कानी स्वर अखंड येतील, आणि ते कोणाचे, हे त्याला कोणालाही विचारता येणार नाही.