विद्युत जोडणी आणि स्वायत्तता : ‘एक राष्ट्र, एक ग्रिड, एक वारंवारता’ या सूत्राची चिकित्सा

प्रस्तावना :
पवनारच्या परमधाम आश्रमात विनोबा भावे यांनी ऋषिशेती व कांचनमुक्तीचे प्रयोग केले. तथापि त्यांच्या स्वावलंबनाला ‘जय जगत्’ची जोड होती. जोडले जावे, पण स्वायत्तता गमावू नये, हाच प्रश्न वीजजाळ्यांपुढेही असतो. त्याचे एक तांत्रिक उत्तर पवनारच्या दक्षिणेस, चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे आढळते.

विवेचन :
प्रत्यावर्ती प्रवाहाची दोन जाळी थेट जोडली की त्यांची वारंवारता एक होते. मग वीज करारानुसार नव्हे, तर दोन टोकांमधील कलेचा फरक आणि मार्गाचा अवरोध यांनुसार वाहते. भद्रावती केंद्रात मात्र पश्चिम जाळ्यातील वीज थायरिस्टरच्या साहाय्याने एकदिश होते व त्याच आवारात पुन्हा प्रत्यावर्ती होऊन दक्षिण जाळ्यात जाते. १००० मेगावॉट क्षमतेच्या या दुव्यातून किती वीज, कोणत्या दिशेने न्यावी, हे चालक ठरवितात.

या भेदाचे महत्त्व २०१२ मध्ये स्पष्ट झाले. ३० जुलै रोजी उत्तर आणि ३१ जुलै रोजी उत्तर, पूर्व व ईशान्य जाळी कोसळली. दोन्ही दिवशी आरंभ बीना–ग्वाल्हेर वाहिनी बंद पडण्याने झाला. पश्चिमेचे जाळे विलग झाल्यामुळे बचावले. दक्षिणेचे जाळे मुळातच एकदिश दुव्यांनी जोडलेले असल्याने सुरक्षित राहिले.

अर्थात या संरक्षणाला किंमत होती. दुव्यांची क्षमता मर्यादित असल्याने दक्षिणेस स्वस्त वीज पुरेशी मिळत नसे आणि वीजबाजारात तेथील दर चढे राहत. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिण जाळे उर्वरित देशाशी समकालिक झाले, ही म्हणूनच मोठी उपलब्धी होय. परंतु उपरोक्त सूत्र एकतेचा गौरव करताना नियंत्रणाविषयी मौन बाळगते. वारंवारता एक झाल्याने प्रवाह नियंत्रित होत नाही. उलट त्याची निकड वाढते. समांतर थेट वाहिन्यांवरील भार हलका करण्यासाठी भद्रावतीसारखे दुवे त्यानंतरही उपयुक्त ठरू शकतात.

निष्कर्ष :
जोडणीचे मूल्यमापन केवळ तिच्या व्याप्तीवरून करणे अपुरे आहे. संकटसमयी कोणता प्रवाह रोखता येतो व ते कोण ठरवितो, हा तिचा खरा निकष होय. अभियांत्रिकीप्रमाणेच अर्थशास्त्र व राज्यशास्त्राच्या अध्यापकांनीही तो विचारात घ्यावा.