स्मेडा आणि ‘जागतिक साथ’

वनस्पतिप्लवकांच्या अभ्यासकांत थिओडोर स्मेडा यांचे स्थान फार वरचे आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठात राहून नॅरागॅन्सेट उपसागरातील प्लवकांची गणना त्यांनी 1959 पासून सुमारे चार दशके, आठवड्यामागून आठवडा, चालू ठेवली. एवढी चिकाटी विज्ञानातही दुर्मिळच. म्हणूनच 1990 मध्ये अपायकारक शैवलबहरांवरील निबंधाच्या शीर्षकात त्यांनी ‘जागतिक साथ’ हे शब्द योजले, तेव्हा ते कोणी हलके मानले नाहीत.

आमचा आक्षेप त्या शब्दांवर आहे, निबंधाच्या गाभ्यावर नाही. सांडपाणी व खते यांच्यामुळे किनाऱ्याच्या पाण्यात नत्र व स्फुरद वाढतात. सिलिका त्या प्रमाणात वाढत नाही. डायाटमांना कवच घडविण्यास सिलिका लागते. ती सरली की उरलेले नत्र-स्फुरद, जिला सिलिकेची गरज नाही अशा डायनोफ्लॅजेलेटादी मंडळीच्या वाट्यास येते, आणि विषारी जाती पुष्कळशा तिच्यातच आहेत. ही उपपत्ती भक्कम होय. हाँगकाँगच्या टोलो बंदरात 1976 ते 1986 या काळात लोकवस्ती सुमारे सहापट झाली व लाल पाण्याच्या घटना आठपट. उलट जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रात 1973 च्या कायद्याने प्रदूषणास आळा घातल्यावर त्या ओसरत गेल्या.

परंतु साथ म्हटली की गावोगाव पसरणारा एकच रोग डोळ्यांपुढे येतो; येथे तर प्रत्येक खाडीचा हिशेब निराळा. जहाजांच्या तळपाण्यातून काही जाती दूरदेशी पोचतात हे खरे, पण स्मेडांच्या युक्तिवादाचा भार सिलिकेच्या प्रमाणावर आहे. शिवाय पाहणारे वाढले की दिसणारेही वाढते. 2021 मध्ये गुस्ताफ हॅलेग्राफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 ते 2018 या काळातील 9,503 घटना निरीक्षणांच्या वाढत्या संख्येशी ताडून पाहिल्या. जगभर एकसारखी वाढ त्यांना आढळली नाही; कोठे वाढ, कोठे घट. मत्स्यशेती फोफावली तेथे पहारा वाढला, आणि नोंदीही.

गंमत अशी, की या चुकीवरचा उतारा स्मेडांच्याच नोंदवहीत होता. 1985 च्या उन्हाळ्यात नॅरागॅन्सेटमध्ये ऑरिओकॉकसमुळे पाणी तपकिरी झाले व शिंपले मोठ्या प्रमाणावर मेले, तेव्हा ही घटना तेथे अपूर्व आहे असे म्हणता आले ते मागील गणनेच्या बळावर. एकच जागा, तीच पद्धत आणि दशकांचा पहारा असलेल्या अशा नोंदवह्या 1990 मध्ये जगात मोजक्याच होत्या.